संशोधकाची नोकरी नेमकी असते कशी? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी विद्यापीठात पेशींवर काम करणारी एक छोटी लॅब चालवते. मेसेजमधून, कॉन्फरन्सच्या जिन्यात, नातेवाइकांच्या ग्रुपवर, सगळीकडे मला तेच तेच प्रश्न येतात, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून ठेवावं. प्रश्न आले तसेच ठेवलेत. उत्तरं माझ्या अनुभवातली आहेत आणि विषयाविषयात फरक पडतो (गणितवाल्यांचे फ्रीझर बिघडत नाहीत), तेवढं धरून वाचा.

१. तुम्ही दिवसभर नक्की करता काय?

परीक्षानळी उजेडात धरून बघत बसणं सोडून बाकी सगळं. कालचाच दिवस सांगते. सकाळी येऊन बघते तर इनक्युबेटरचा कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर रात्रीत संपलेला, त्यामुळे एका विद्यार्थिनीने तीन आठवडे वाढवलेल्या पेशी वाया, तिची समजूत काढण्यात अर्धा तास, मग लेक्चर, मग खरेदीचा फॉर्म तिसऱ्यांदा भरला कारण मधल्या काळात फॉर्मच बदलला होता, मग दुसऱ्या कुणाच्या तरी पेपरचा (शोधनिबंधाचा) रिव्ह्यू, म्हणजे छापण्याआधीची तपासणी, ज्याची तारीख परवाच उलटून गेलीय, दुपारी समितीची मीटिंग, संध्याकाळी ग्रँटच्या (संशोधनासाठी मिळणाऱ्या निधीच्या) बजेटची शीट. आणि विज्ञान म्हणाल तर साडेसहाला एका मुलाने ग्राफ आणून दाखवला तेव्हाची वीस मिनिटं.

त्या वीस मिनिटांसाठीच सगळं चाललेलं असतं हे खरंय. पण बाकीचे आठ तास कुणी शिकवलेले नसतात. माणसं सांभाळणं, हिशेब, खरेदी, लिखाण, भांडणं मिटवणं, यातलं एकही काम पीएचडीत शिकवत नाहीत आणि नोकरी लागली की पहिल्या दिवसापासून तेच करायचं असतं.

२. पीएचडी, पोस्टडॉक, पीआय, हे सगळे वेगवेगळे का? सगळे शास्त्रज्ञच ना?

सगळे शास्त्रज्ञच. पीएचडीवाला गाईडच्या हाताखाली संशोधन करायला शिकतो. पोस्टडॉक म्हणजे पदवी मिळालेला पण कायम नोकरी नसलेला माणूस, दोन-तीन वर्षांच्या करारावर, आणि प्रत्यक्ष प्रयोगांचा फार मोठा भार याच दोघांच्या खांद्यावर असतो. पीआय म्हणजे ज्याच्या नावावर लॅब आणि ग्रँट असते तो. गंमत अशी की हात चांगला बसला, प्रयोग जमायला लागले, की तुम्हाला बढती मिळते आणि प्रयोग सुटतात. माझं पिपेट (द्रव थेंबाथेंबाने मोजून घ्यायचं साधन) आता एका विद्यार्थ्याकडे आहे आणि तो मला ते परत द्यायला तयार नाही (मी मागच्या वेळी त्याचं सॅम्पल सांडलं होतं).

३. कॉलेजला सुट्टी लागली की तुम्हालाही सुट्टी, मजा आहे बाबा!

लेक्चरला सुट्टी असते. पेशींना दर दोन-तीन दिवसांनी खायला घालावं लागतं, त्यांना कॅलेंडर कळत नाही. आणि राहिलेले पेपर लिहायला सलग वेळ मिळतो तो त्या सुट्टीतच.

४. आमच्या घरातलं एक जण पीएचडी करतंय, "कधी संपणार" असं विचारलं की चिडतं. का?

कारण त्यालाही माहीत नसतं. पदवीच्या कोर्सला तारीख असते, पीएचडीला प्रश्नाचं उत्तर मिळणं ही अट असते आणि उत्तर तुमच्या सोयीने मिळत नाही. चौथ्या वर्षी कळू शकतं की दुसऱ्या वर्षी धरलेली दिशाच चुकीची होती. "या आठवड्यात काय चाललंय" असं विचारून बघा. अर्धा तास हाताशी ठेवून विचारा मात्र.

५. प्रयोग फसला म्हणजे नक्की काय होतं? आणि किती वेळा फसतो?

बहुतेक वेळा. हे मी नम्रपणा म्हणून नाही सांगत. नेचर या विज्ञानाच्या जर्नलने (नियतकालिकाने) २०१६ मध्ये १५७६ संशोधकांना विचारलं होतं, त्यातल्या ७० टक्क्यांहून जास्त लोकांना दुसऱ्याचा प्रयोग पुन्हा करून दाखवता आला नव्हता आणि निम्म्याहून जास्त लोकांना स्वतःचाच.

फसण्याचे प्रकार असतात. एक म्हणजे काहीच न दिसणं, रिकामी पट्टी, कोरा ग्राफ. हा त्यातल्या त्यात बरा, निदान फसल्याचं कळतं. दुसरा म्हणजे कंट्रोलमध्येही तेच दिसणं जे खऱ्या सॅम्पलमध्ये दिसतंय, म्हणजे ज्याला काहीच दिलं नव्हतं तेही चमकतंय, मग सगळं कचऱ्यात. तिसरा सगळ्यात वाईट, तो म्हणजे फसलेला असताना जमल्यासारखा दिसणारा. आमच्याकडे एकदा चार महिने एक सुंदर निकाल येत होता आणि शेवटी निघालं काय तर एका बाटलीतलं बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) चुकीच्या पीएचचं, म्हणजे चुकीच्या आम्लतेचं होतं, नवीन बाटली उघडली आणि निकाल गायब.

हे फक्त आमच्यासारख्या छोट्या लॅबचं नाही हं. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीला कित्येक वर्षं मधूनच विचित्र छोटे संदेश मिळायचे, त्यांना पेरिटॉन असं नावसुद्धा दिलं होतं, आणि २०१५ मध्ये सिद्ध झालं की कुणीतरी मायक्रोवेव्ह थांबायच्या आधीच त्याचं दार उघडलं की ते संदेश यायचे. २०११ मध्ये भौतिकशास्त्राच्या ऑपेरा प्रयोगात न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा साधारण ६० नॅनोसेकंद आधी पोचलेले दिसले, जगभर बातम्या झाल्या, आणि काही महिन्यांनी मुख्य दोषी निघाली नीट न बसलेली एक फायबरची केबल. मला या लोकांचं कौतुकच वाटतं, त्यांनी केबल शोधली. आपल्या किती केबल अजून सैल आहेत कुणास ठाऊक.

फसलेल्या निकालाचं पुढे काय करायचं ते प्रश्न १२ मध्ये.

६. पेपर छापून यायला वर्ष-वर्ष का लागतं? लिहून पाठवायचा ना फक्त.

पाठवेपर्यंतच सहा महिने जातात कारण सगळ्या सहलेखकांनी वाचायचं असतं आणि त्यातला एक जण नेहमी प्रवासात असतो. पाठवल्यावर एडिटर बघतो, बरेचदा तिथूनच काही दिवसांत परत, "आमच्या वाचकांसाठी फार विशिष्ट विषय आहे" वगैरे. पुढे गेलाच तर एडिटर रिव्ह्यूअर शोधायला लागतो, आणि इथे खरा वेळ जातो, कारण रिव्ह्यू करणारे तुमच्यामाझ्यासारखेच, फुकटात आणि रात्री जागून करणारे. पाच-सहा जण नाही म्हणतात, दोन जण हो म्हणतात, त्यातला एक गायब होतो. मग रिपोर्ट येतात, त्यात "हा आणखी एक प्रयोग करा" असं एका ओळीत लिहिलेलं असतं आणि ती ओळ म्हणजे पाच महिन्यांचं काम. करा, पाठवा, पुन्हा थांबा. नाकारला तर दुसऱ्या जर्नलच्या साच्यात सगळे संदर्भ परत बसवा आणि पहिल्यापासून सुरू.

थांबायचं नसेल तर प्रीप्रिंट आहे, म्हणजे जर्नलच्या तपासणीआधीच पेपर सगळ्यांना वाचायला ऑनलाइन टाकणं, प्रश्न ९ बघा.

७. पेपरचे पैसे चांगले मिळत असतील ना?

एक छदामही नाही. लिहिणाऱ्याला नाही, तपासणाऱ्याला नाही. उलट ज्या जर्नलमधला पेपर वाचकांना फुकट उघडतो तिथे बहुतेक वेळा लेखकालाच फी भरावी लागते, आणि जिथे लेखकाला फी नाही तिथे ग्रंथालय वर्गणी भरतं. म्हणजे संशोधन सार्वजनिक पैशातून, लिखाण आमचं, तपासणी आमची, आणि विकत घेणारेही आम्हीच. हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगताना मला दर वेळी वाटतं की मी काहीतरी सांगायचं विसरतेय. नाही, एवढंच आहे.

एक अपवाद, फी माफीची सोय बऱ्याच जर्नलकडे असते, पण ती पेपर पाठवतानाच मागायची, स्वीकारल्यावर मागितली तर सहसा मिळत नाही.

८. पेपर रिजेक्ट झाला, रिव्ह्यूअरने काहीच्या काही लिहिलंय, त्याला विषयच कळलेला नाही. काय करू?

आधी फाइल बंद करा. दोन दिवस उघडू नका. हे मी खूप गंभीरपणे सांगतेय, पहिल्या रात्री लिहिलेलं उत्तर मी आजवर एकदाही पाठवलं नाही आणि त्यामुळेच माझी नोकरी टिकली असावी.

दोन दिवसांनी वाचलंत की लक्षात येतं की दहातले सहा मुद्दे बरोबर आहेत. दोन मुद्दे त्याला कळले नाहीत, पण ते तुम्ही नीट लिहिलं नव्हतं म्हणून. उरलेले दोन खरोखर चूक. सगळ्यांना एकेक करून उत्तर द्यायचं, त्याचं वाक्य वर, आपलं उत्तर खाली, आणि कुठल्या पानावर काय बदललं ते. जिथे तो चूक आहे तिथे पुरावा द्यायचा आणि तरीही मजकुरात एखादी ओळ वाढवायची, कारण त्याचा गैरसमज झाला तसा वाचकाचाही होईल.

आइनस्टाइनचा किस्सा माहितीय का? १९३६ मध्ये त्यांनी आणि नेथन रोझेननी गुरुत्वीय लहरींवरचा पेपर फिजिकल रिव्ह्यूला पाठवला, एडिटरने तो न विचारता तपासायला दिला आणि आलेला रिपोर्ट यांना पाठवला, तर आइनस्टाइन इतके भडकले की पेपरच मागे घेतला. पण रिव्ह्यूअर बरोबर होता! पेपरचा निष्कर्ष होता की अशा लहरी नसतातच, आणि पुढे दुसरीकडे छापताना तो बदलावा लागला. पीटर हिग्ज यांचाही १९६४ मधला पेपर एका जर्नलने नाकारला, त्यांनी त्यात थोडी भर घालून दुसरीकडे पाठवला, आणि नवीन कणाचा (ज्याला आता हिग्ज कण म्हणतात) स्पष्ट उल्लेख त्या घातलेल्या भागातच आला. क्रेब्ज यांच्या चक्राचा (पेशी अन्नातून ऊर्जा कशी मिळवतात त्याचा) पेपर १९३७ मध्ये नेचरने जागा नाही म्हणून परत केला होता, १९५३ मध्ये त्याच कामाला नोबेल.

अर्थात प्रत्येक नाकारलेला पेपर क्रेब्जचा नसतो. माझे तर नव्हतेच. अपील करता येतं, पण फक्त रिव्ह्यूअरची वस्तुस्थितीत चूक असेल तर. "त्याला महत्त्व कळलं नाही" हे कारण चालत नाही, त्यापेक्षा दुसरं जर्नल बघा.

९. प्रीप्रिंट टाकला तर कुणी आयडिया चोरणार नाही का? आणि दुसऱ्याने आधीच छापलं तर आपलं काम वाया?

उलटं आहे. प्रीप्रिंटवर तारीख पडते, तोच तुमचा पुरावा. भौतिकशास्त्रवाले १९९१ पासून अर्काइव्ह या वेबसाइटवर टाकतायत, जीवशास्त्रवाल्यांचं बायोअर्काइव्ह २०१३ मध्ये आलं, आणि आता बहुतेक मोठी जर्नल प्रीप्रिंट असलेला पेपर घेतात. तरी पाठवायच्या आधी त्या जर्नलचा नियम वाचा. पेटंट घ्यायचं असेल तर मात्र थांबा, आधी पेटंटवाल्या ऑफिसशी बोला, कारण एकदा जाहीर झालं की बऱ्याच ठिकाणी हक्क जातो.

दुसऱ्याने आधी छापलं, म्हणजे आमच्या भाषेत स्कूप झालं, तर त्या दिवशी घरी जा. खरंच. माझ्याबरोबर झालंय, सकाळी मोबाइलवर शीर्षक दिसलं आणि पोटात गोळा आला, आमच्या तिसऱ्या आकृतीसारखी हुबेहूब आकृती. आठवड्याने शांतपणे वाचलं तेव्हा कळलं की त्यांनी वेगळ्या पेशी वापरल्या होत्या आणि आमच्याकडचा अर्धा भाग त्यांच्याकडे नव्हताच. दोन लॅबना स्वतंत्रपणे एकच गोष्ट दिसणं हा तर भक्कम पुरावा. प्लॉस बायॉलॉजीने २०१८ मध्ये तसं धोरणच केलं, की पहिला पेपर आल्यापासून सहा महिन्यांच्या आत आलेल्या दुसऱ्या पेपरला "नवीन नाही" म्हणून नाकारायचं नाही. अशी जर्नल शोधा, आणि तोवर घाईघाईत अर्धवट पाठवू नका.

१०. पेपरवर नावांचा क्रम कसा ठरतो? माझं नाव तिसरं आलंय, चांगलं की वाईट?

विषयावर आहे. आमच्याकडे पहिलं नाव ज्याने सगळ्यात जास्त काम केलं त्याचं, शेवटचं लॅबच्या प्रमुखाचं, मधली सगळी मदतीची. गणितात आणि मोठ्या भौतिकी प्रयोगांत आडनावाच्या अक्षरांनुसार, तिथे पहिलं असण्याला काही अर्थ नाही. २०१५ मध्ये ॲटलस आणि सीएमएस या दोन गटांनी मिळून हिग्ज कणाच्या वस्तुमानावर पेपर काढला, ५१५४ लेखक, ३३ पानांतली २४ पानं नुसती नावं आणि संस्था. तिथे तिसरा कोण हे कोण विचारतंय!

आणि एक मांजरही लेखक आहे. १९७५ मध्ये एका भौतिकशास्त्रज्ञाने पेपर एकट्याने लिहिला पण सगळीकडे "आम्ही" लिहिलं, जर्नलला एकट्या लेखकाचं "आम्ही" चालत नव्हतं, टाइपरायटरवर सगळं परत टाइप करायचा कंटाळा, म्हणून मांजराचं नाव एफ. डी. सी. विलार्ड असं करून सहलेखक म्हणून टाकलं. छापलं गेलं.

गमतीचा भाग सोडला तर सल्ला एकच, क्रमाबद्दल प्रयोग सुरू व्हायच्या आधी बोला आणि ईमेलवर लिहून ठेवा. मध्ये काम बदललं तर परत बोला. अवघड वाटतं, पण शेवटी बोलणं दहापट अवघड.

११. माझं काम असून माझं नाव टाकलं नाही / ज्याने काहीच केलं नाही त्याचं नाव टाकलं. तक्रार करू?

वैद्यकीय जर्नलांच्या एडिटर मंडळींनी लेखक कोण याच्या चार अटी ठेवल्यात आणि बाहेरच्या विषयातही त्याच वापरल्या जातात. कामाच्या आखणीत, डेटा गोळा करण्यात किंवा त्याचा अर्थ लावण्यात खरा वाटा हवा. लिखाणात किंवा ते तपासण्यात भाग हवा. शेवटच्या मसुद्याला संमती हवी. आणि पुढे काही निघालं तर जबाबदारी घ्यायची तयारी हवी. चारही लागतात. नुसती मशीन वापरू देणं, पैसे आणणं, विभागप्रमुख असणं यातलं काहीच पुरत नाही, त्यासाठी आभार असतात.

तक्रारीच्या आधी स्वतःकडची कागदं जमवा, नोटबुकची पानं, तारखा, फाइल कुणी बनवल्या ते. मग सरळ गाईडशी बोला, कारण निम्म्या वेळा तो विसरभोळेपणा असतो. नाही ऐकलं तर संस्थेतल्या लोकपालासारख्या माणसाकडे. जर्नलला लिहिलंत तरी ते बहुतेक वेळा वाद संस्थेकडेच ढकलतात, लेखक कोण हे जर्नल ठरवत नाही.

न्याय मिळेलच असं मी सांगत नाही. जोसेलिन बेल बर्नेलनी १९६७ मध्ये विद्यार्थिनी असताना पल्सरचा (ठरावीक तालाने रेडिओ लहरी येणाऱ्या ताऱ्याचा) पहिला संकेत स्वतः कागदाच्या पट्ट्यांवर शोधला, १९७४ चं नोबेल मात्र त्यांच्या गाईडला आणि दुसऱ्या एका ज्येष्ठांना गेलं. २०१८ मध्ये त्यांना तीस लाख डॉलरचं बक्षीस मिळालं ते त्यांनी संशोधक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला देऊन टाकलं. माझं मन एवढं मोठं नाही.

१२. निकाल "निगेटिव्ह" आला, आता तो छापायचा का? गाईड म्हणतात आणखी थोडं वेगळ्या पद्धतीने ॲनालिसिस करून बघ.

दोन गोष्टी वेगळ्या करा. प्रयोग फसला (प्रश्न ५) आणि प्रयोग नीट झाला पण परिणाम नाही दिसला, यात फरक आहे. दुसरा हा निकालच आहे.

"थोडं वेगळ्या पद्धतीने" हे वाक्य ऐकून सावध व्हा. एकच डेटा वीस प्रकारे चाळला तर एखाद्या चाळणीत पी-व्हॅल्यू (खरा परिणाम नसतानाही असा निकाल निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली बहुधा येणारच, त्याला शोध नाही म्हणत. मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून बघितले गेले, २०१५ मध्ये निकाल आला, मूळच्या ९७ टक्के अभ्यासांत परिणाम होता आणि पुन्हा केल्यावर फक्त ३६ टक्क्यांत. बहुतेक जण लबाड नव्हते, "आणखी एकदा बघू" म्हणणारेच होते. गाईडना म्हणा की नवीन ॲनालिसिस चालेल, पण किती प्रकारे करून बघितलं ते सगळं पेपरमध्ये लिहू. बरेचदा विषय तिथेच थांबतो.

छापायचा तर जागा आहेत. महत्त्वापेक्षा पद्धत बघणारी जर्नल आहेत, प्रीप्रिंट आहे. आणि पुढच्या वेळी रजिस्टर्ड रिपोर्टचा विचार करा, त्यात प्रयोग करायच्या आधीच योजना तपासून स्वीकारतात, मग निकाल काहीही येवो. कॉर्टेक्स या जर्नलने २०१३ मध्ये हे सुरू केलं, आता पुष्कळ ठिकाणी आहे.

१३. इम्पॅक्ट फॅक्टर आणि एच-इंडेक्स म्हणजे काय, माझा किती असायला पाहिजे?

इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो, माणसाचा नाही. मागच्या दोन वर्षांत जर्नलने छापलेल्या लेखांचा या वर्षी किती वेळा उल्लेख झाला, भागिले त्या लेखांची संख्या. सरासरी आहे, आणि तीसुद्धा मूठभर गाजलेल्या पेपरांनी वर खेचलेली, म्हणून मोठ्या जर्नलमध्ये छापलेला पेपरही कुणी न वाचलेला असू शकतो. एच-इंडेक्स माणसाचा, होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये काढला, तुमचे १२ पेपर प्रत्येकी निदान १२ वेळा उल्लेखले गेले असतील तर एच १२. तो वयाबरोबर वाढतो आणि कधीच कमी होत नाही, वजनासारखा.

किती असावा याला उत्तर नाही, विषयानुसार दहापट फरक पडतो. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २०१२ मध्ये संशोधकांनी आणि एडिटरनी बसून एक जाहीरनामा केला की माणसाला जर्नलच्या आकड्याने तोलू नका, हजारो संस्थांनी सह्या केल्यात. निवड समितीत बसल्यावर किती जण पाळतात हा वेगळा विषय, मी बसलेय, तिसऱ्या तासाला थकलेली समिती आकड्याकडेच बघायला लागते.

१४. ग्रँट म्हणजे नक्की काय असतं आणि सारखी लिहावी का लागते?

कारण लॅबमधल्या मुलांचे पगार आणि रसायनं त्यातून येतात. ग्रँटमध्ये लिहायचं असतं की पुढची तीन ते पाच वर्षं काय शोधणार, ते कसं, त्याला किती पैसे. म्हणजे जे माहीत नाही म्हणून शोधायचंय ते आधीच महिन्यावार सांगायचं. म्हणून सगळे जण एक गोष्ट करतात पण मोठ्याने बोलत नाहीत, पहिल्या वर्षाचं काम आधीच करून ठेवतात आणि तोच "प्राथमिक डेटा" म्हणून दाखवतात.

नाकारणं इथे नेहमीचंच. नाकारलेला प्रस्ताव फेकू नका, त्यातला पद्धतींचा भाग पुढच्या पेपरला उपयोगी पडतो. आणि डेडलाइनच्या दिवशी शेवटच्या तासाला सबमिट करू नका, तेव्हा सगळेच करत असतात आणि वेबसाइट झोपते. मी एकदा चार मिनिटं राहिली असताना अपलोड केलं आणि नंतर दिसलं की आदल्या मसुद्याची फाइल गेलीय ज्यात पिवळ्या रंगात "इथे काहीतरी बरं लिही" असं होतं. मिळाली नाही ती ग्रँट, पण त्या ओळीमुळे नाही असं रिव्ह्यूअरने लिहिलं होतं, हे त्यातल्या त्यात.

१५. "आदरणीय महोदय, आपल्या थोर कार्याने प्रभावित होऊन" असे ईमेल येतात, पेपर मागतात, कॉन्फरन्सला बोलावतात. खरं असतं का?

नाही. खऱ्या एडिटरला तुमच्या थोर कार्याची एवढी माहिती नसते. बनावट जर्नल ओळखायची सोपी खूण म्हणजे ते चार दिवसांत रिव्ह्यूचं वचन देतात, फी कुठे लिहिलीय ते शोधून सापडत नाही, आणि तुम्ही पेशींवर काम करता तर दंतवैद्यकाचा विशेषांक मागतात. संपादक मंडळातल्या एक-दोघांना सरळ लिहून विचारा, बरेचदा त्यांना आपलं नाव तिथे आहे हेच माहीत नसतं. एकदा पेपर दिला आणि मागे घ्यायचा म्हटलं तर त्याचेही पैसे मागतात, म्हणून आधीच विचारा.

१६. माझ्या छापून आलेल्या पेपरमध्ये मलाच चूक सापडली. कुणाला कळलेलं नाही. गप्प बसू?

नका बसू. आधी चूक कुठवर जाते ते बघा. आकृतीला चुकीचं लेबल, एका तक्त्यात आकडा उलटा, निष्कर्ष तसाच राहतोय, तर जर्नलला लिहा, दुरुस्ती छापतात, विषय संपला. निष्कर्षच पडत असेल तर पेपर मागे घ्यायचा, सगळ्या सहलेखकांना सांगून.

आभाळ कोसळत नाही. फ्रान्सिस आर्नल्डना २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं आणि जानेवारी २०२० मध्ये त्यांनी स्वतः जाहीर केलं की आमच्या २०१९ च्या एका पेपरमधले निकाल पुन्हा येत नाहीयेत, नोटबुकमध्ये नोंदी आणि मूळ डेटा नाही, पेपर मागे घेतोय, आणि त्या वेळी मी घाईत होते, माझं काम नीट केलं नाही. लोकांना त्यांचा आदर वाढलेलाच दिसला.

आणि चुका कुठून येतील सांगता येत नाही. एक्सेल जनुकांची नावं तारखा समजून बदलतं, सेप्ट २ चं २ सप्टेंबर, मार्च १ चं १ मार्च. २०१६ मध्ये कुणीतरी तपासलं तर जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या पेपरांपैकी साधारण पाचव्या हिश्शात ही चूक होती. शेवटी २०२० मध्ये माणसाच्या त्या जनुकांचीच नावं बदलून टाकली. एक्सेल बदलण्यापेक्षा ते सोपं पडलं.

१७. बाकी सगळे हुशार आहेत आणि मी चुकून इथे आलोय असं वाटतं. मलाच वाटतं का?

नाही, याला १९७८ पासून नाव आहे, इम्पोस्टर फेनॉमेनन, पॉलीन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी यशस्वी बायकांशी बोलून लिहिलं होतं. मला अजून वाटतं. एक कारण साधं आहे, दुसऱ्याचा तुम्ही छापलेला पेपर बघता आणि स्वतःचं फसलेलं सगळं बघता. आमच्या लॅबमध्ये दर सोमवारी प्रत्येकाने आधी आठवड्यातली फसलेली गोष्ट सांगायची आणि सुरुवात मी करते. दोन महिन्यांत नवीन मुलं कंट्रोल विसरल्याचं आपणहून सांगायला लागली.

पण झोप लागत नाही, लॅबच्या दारात छातीत धडधड होते, असं असेल तर ते या प्रश्नातलं नाही. डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जा, गाईडला कारण सांगायची गरज नाही.

१८. सोडून द्यावं का? पोस्टडॉक करून पाच वर्षं झाली, कायम नोकरी नाही.

लोक लगेच एमआरएनए लशींमागच्या संशोधक कॅटलिन कारिकोंचं उदाहरण देतात, की १९९५ मध्ये त्यांना विद्यापीठात खालच्या पदावर टाकलं, ग्रँट मिळत नव्हत्या, आणि २०२३ मध्ये नोबेल. खरं आहे, पण ज्यांना खाली टाकलं आणि पुढे काहीच झालं नाही त्यांची गोष्ट कुणी छापत नाही. तिच्या जोरावर आयुष्याची पाच वर्षं लावू नका.

कायम पदं पीएचडी झालेल्यांपेक्षा फार कमी आहेत, त्यामुळे बहुतेक जण बाहेर पडतात, हा नियम आहे आणि आत राहणं हा अपवाद. मी विद्यार्थ्यांना सांगते की तारीख आधी ठरवा, हातात पेपर असताना, मूड बरा असताना, आणि ती कुणाला तरी सांगून ठेवा. आणि एक विचारा स्वतःला, तुम्हाला प्रश्न आवडतो की पद? प्रश्न आवडत असेल तर तो कंपनीत, रुग्णालयात, डेटाच्या कामात, कुठेही सापडतो. मी स्वतः राहिले त्यात नशीब किती आणि मेहनत किती हे मला आजही सांगता येत नाही, माझ्याइतकीच चांगली एक मैत्रीण त्याच वर्षी बाहेर पडली.

१९. आमचे गाईड दुसऱ्या विद्यापीठात चाललेत / लॅब बंद होतेय. मी मध्येच अडकलोय. काय काय करू?

घाबरण्याआधी तीन कागद मिळवा. एक, तुमची नोंदणी कुणाकडे आहे, विद्यापीठाकडे की गाईडकडे, कारण बहुतेक ठिकाणी ती विद्यापीठाकडे असते आणि दुसरा गाईड देणं त्यांचं काम असतं. दोन, तुमचा पगार कुठल्या ग्रँटवर आहे आणि ती ग्रँट गाईडबरोबर जातेय का. तीन, सध्या लिहिलेल्या आणि अर्धवट पेपरांत तुमचं स्थान, गाईड जायच्या आधी ईमेलवर (प्रश्न १० मध्ये सांगितलं तसंच).

मग डेटा. मूळ डेटा आणि नोटबुक सहसा संस्थेच्या मालकीची असतात, त्यामुळे न विचारता घेऊन जाऊ नका, लेखी परवानगीने प्रत काढा. सॅम्पल न्यायची असतील तर त्याचा वेगळा करार लागतो, त्याला महिने लागतात, आजच अर्ज टाका.

आणि फ्रीझर. कुठल्या कप्प्यात कुठली डबी, झाकणावर लिहिलेल्या आद्याक्षरांचा अर्थ काय, हे तुमच्या डोक्यात आहे ते शीटमध्ये उतरवा. माझ्याकडे अजून एक डबी आहे, वर फक्त "चांगलं, टाकू नये" असं लिहिलंय, लिहिणारा जाऊन अकरा वर्षं झाली. तो आता फोन उचलतो पण त्यालाही आठवत नाही.